छत्तीस गुणी रिम

जुन्या रेसिंग सायकलच्या जीर्णोद्धारात रिम हा भाग यादीत शेवटी असतो आणि मनस्तापात पहिला. फ्रेमला रंग एकदाच द्यावा लागतो. ब्रेक, पायडल, सीट हे भाग मिळतात तरी किंवा मिळत नाहीत तरी. रिमेचे तसे नसते. रिम मिळते, दोन मिळतात, कधी पाच मिळतात, आणि पाचांपैकी एकही 'ती' नसते. ही 'ती' म्हणजे काळशुद्ध रिम. सायकल ज्या साली कारखान्यातून बाहेर पडली त्या साली, त्या देशात, त्या किमतीच्या सायकलला कारखाना जी रिम लावत असे, किंवा निदान लावू शकला असता, ती.

या व्याख्येतल्या 'किंवा निदान' या दोन शब्दांवरून जीर्णोद्धारकांत पंथ पडले आहेत. कर्मठांना ते शब्दच मान्य नाहीत. १९७२ च्या सायकलला १९७४ ची रिम लावणे म्हणजे त्यांच्या लेखी सोवळे नेसून पायात चप्पल घालणे. उदारमतवाद्यांना दशक जुळले तरी पुरते. तिसराही एक वर्ग आहे, तो चाक गोल आहे ना एवढेच विचारतो. पण हा वर्ग सायकल चालवतो, त्यामुळे चर्चेत त्याला धरत नाहीत.

विवेचनासाठी एक नमुना समोर असलेला बरा. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची पीएक्स-१० ही सत्तरच्या दशकातली नामांकित रेसिंग सायकल. बर्नार तेव्हने याने १९७५ आणि १९७७ ची टूर द फ्रान्स जिंकली ती प्यूजोच्याच संघाकडून, त्यामुळे या नावाला अजून वजन आहे. फ्रेमच्या नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सच्या, म्हणजे माहेर इंग्लंडचे. बाकी सारा सासरचा गोतावळा फ्रेंच: क्रँक स्ट्राँगलाइटचा, गिअर सिंप्लेक्सचे, ब्रेक माफाकचे. सगळे ठरल्यासारखे. रिमेपाशी आल्यावर मात्र माहितगारांचे आवाज चढू लागतात.

पहिला प्रश्न व्यासाचा. हा प्रश्न शाळेत तिसरी-चौथीपर्यंत सुटलेला असतो, सायकलच्या दुकानात तो पुन्हा उघडतो. महाराष्ट्रात सायकलच्या दुकानात जाऊन 'अठ्ठावीसची रिम द्या' म्हटले तर जी मिळते ती जुन्या काळ्या सायकलची, २८ गुणिले दीड इंचाची. टायर तिच्यावर ज्या जागी बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर. जर्मनीत अठ्ठावीस म्हटले तर मिळते ६२२ मिलिमीटरची. इंग्लंडच्या क्लब सायकलींना युद्धानंतर सत्तावीस इंची चाक आले, ते ६३० मिलिमीटरचे. म्हणजे सत्तावीस हा एका अठ्ठाविसापेक्षा मोठा आणि दुसऱ्या अठ्ठाविसापेक्षा लहान असतो. हे ज्याला सहज पटते त्याने या छंदात पडायला हरकत नाही.

फ्रेंचांनी हा घोळ शास्त्रशुद्ध पद्धतीने घातला. त्यांनी आधी टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास ठरवला, ७०० मिलिमीटर, आणि टायरच्या जाडीप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरे दिली. ए टायर बारीक, म्हणून त्याची रिम मोठी, ६४२ ची. बी त्याहून जाड, रिम ६३५. सी सर्वांत जाड, रिम ६२२. टायर कोणताही घ्या, चाक बाहेरून सातशेचेच. इथपर्यंत डोके ताळ्यावर होते. पुढे लोकांना सीची रिम पसंत पडली आणि तिच्यावर बारीक टायर आवडले. आज '७०० सी' म्हणून जे चाक जगभर फिरते त्यावर २५ मिलिमीटरचा टायर चढवला की बाहेरचा व्यास भरतो ६७२. सातशे कुठेच नाहीत, सी कशाचा ते कोणाला आठवत नाही, आणि नाव पक्के बसले आहे. आडनाव सहस्रबुद्धे असले म्हणून कोणी बुद्धी मोजत बसत नाही, तसेच हे.

सव्वीस इंचाबद्दल न बोललेले बरे. ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ अशी निदान पाच वेगवेगळी मापे सव्वीस या एकाच नावाने वावरतात. वाड्यात 'बंड्या' अशी हाक मारली की पाच खिडक्यांतून पाच डोकी बाहेर यावीत तसे. त्यातही अपूर्णांक आणि दशांश यांच्यात सोयरीक नाही. २६ गुणिले १.७५ आणि २६ गुणिले पावणेदोन हे गणितात एकच असले तरी सायकलमध्ये दोन निरनिराळे टायर आहेत, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमेवर बसत नाही. शेल्डन ब्राउन या अमेरिकी सायकल मेकॅनिकने यावरून एक नियमच करून ठेवला. दोन टायरांचे माप गणिताने सारखे येत असेल, पण एकावर अपूर्णांक आणि दुसऱ्यावर दशांश छापला असेल, तर ते टायर एकमेकांच्या जागी चालणार नाहीत असे समजावे. गणिताच्या शिक्षकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

यावर उपाय एकच आणि तो जुन्या टायरच्या बाजूलाच छापलेला असतो. ३७-६२२ अशी जी संख्या दिसते तिच्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमेवर टायर बसण्याचा व्यास. इंच, अक्षरे, घराण्याची कीर्ती सगळे बाजूला ठेवून हा दुसरा आकडा वाचावा. पीएक्स-१० च्या बाबतीत तो ६२२ च्या कुळातला. तिला सत्तावीस इंची रिम बसवली तर त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक पडतो आणि ब्रेकचे रबर तेवढे वर सरकवावे लागते. सरकायला जागा असली तर ठीक. नसली तर ब्रेकचे रबर रिमेच्या खालून निसटून तारांकडे जाते. तारा दोन-चार वेळा ते सोसतात.

दुसरा प्रश्न भोकांचा. सायकलच्या हबला जितकी भोके तितक्या तारा आणि तितकीच भोके रिमेला, हे उघड आहे, पण उघड गोष्टींवरच पैसे जास्त वाया जातात. इंग्रजांचा जुना रिवाज पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तारा जास्त. हीच वाटणी इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आली आणि इथल्या काळ्या सायकलींत मुक्कामाला राहिली. युरोपच्या मुख्य भूमीवर दोन्ही चाकांना समान न्याय, ३६ आणि ३६. पीएक्स-१० तिकडची, म्हणून हबला छत्तीस भोके, रिमेला छत्तीस भोके. मराठी माणसाला हा आकडा लगेच कळावा. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर लग्न, आणि छत्तीसचा आकडा निघाला तर भांडण. सायकलच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी होते. हब आणि रिम यांचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात, आणि ती रिम टपालाने घरी येते त्या दिवशी घरात छत्तीसचा आकडा.

इंग्लिश सायकलच्या जीर्णोद्धारकाला तेवढेही सुख नाही. त्याला एक रिम बत्तिसाची आणि एक चाळिसाची लागते, पण विकायला येते ती छत्तिसाची जोडी. चाळीस भोकांच्या एका रिमेसाठी माणसे वर्षभर थांबतात. मग ती सापडते, नेमकी बत्तिसाची जोडीदारीण विकून टाकल्यावर.

एक भोक याखेरीज असते, हवेच्या वॉलचे. फ्रेंच वॉल बारीक, त्याला साडेसहा मिलिमीटरचे भोक लागते. आपल्याकडच्या सायकलचा वॉल जाड, त्याला साडेआठ लागतात. म्हणून फ्रेंच रिमेला देशी ट्यूब घालायची तर ड्रिलने भोक मोठे करावे लागते. दुकानदाराच्या लेखी हे अर्ध्या मिनिटाचे काम. कर्मठ जीर्णोद्धारकाच्या लेखी हे पन्नाशीच्या बाईचे नव्याने कान टोचण्यासारखे आहे, आणि तेही न विचारता.

आता धातू. पण त्याआधी लाकूड, कारण रेसिंग सायकलच्या रिमा बराच काळ लाकडाच्या होत्या. टूर द फ्रान्सचे संस्थापक-संचालक आंरी देग्रांज यांचा धातूच्या रिमेला विरोध होता. डोंगर उतरताना ब्रेकने धातू तापेल, टायर चिकटवलेला डिंक वितळेल आणि रायडर टायर सोडून पुढे जाईल, अशी त्यांना भीती. टूरमध्ये धातूच्या रिमांना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. देग्रांज यांना गिअरचाही असाच तिटकारा होता. त्यामुळे त्यांना नवे काही आवडत नाही असे लोक म्हणत. डिंकाबद्दलची त्यांची भीती मात्र अगदीच खुळी नव्हती, उतारावर तापलेल्या रिमेवरचा डिंक खरोखरच मऊ होतो.

माविक ही फ्रेंच कंपनी तोवर थांबायला तयार नव्हती. तिने ड्युरॅल्युमिनची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूची, 'ड्युरा' नावाची रिम तयार केली. १९३४ च्या टूरमध्ये आंतोनँ मान्य हा रायडर ती लावून उतरला. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या रिमांना लाकडासारखा रंग दिला होता, अशी हकिकत माविकच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. मान्य जिंकला. पेटंटच्या शर्यतीत मात्र माविक हरली. मारिओ लोंगी या इटालियन गृहस्थाने तसल्याच रिमेच्या पेटंटचा अर्ज दोन तास आधी केला होता, आणि माविकला त्याच्याकडून परवाना घेऊन रिमा काढाव्या लागल्या.

काळशुद्धीच्या शास्त्राला ही हकिकत फार अडचणीची आहे. समजा, कोणी मान्यच्या १९३४ च्या सायकलची प्रतिकृती करायला घेतली. त्याने अस्सल जुनी लाकडी रिम बसवली तर ती चूक. चकचकीत ॲल्युमिनियमची बसवली तर तीही चूक. ॲल्युमिनियमची रिम आणून तिला खोटे लाकूड रंगवले तर ती बरोबर. इथे अस्सल होण्याचा मार्ग नकलीतून जातो. आणि अशी सायकल प्रदर्शनात मांडली की पहिला माहितगार वाकून रिमेवर नख ओढणार आणि 'हे लाकूड नाही' असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणार.

लाकडी रिम अजूनही नवी मिळते. इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला गिझालो नावाची चढण आहे, तिच्या माथ्यावर सायकलस्वारांच्या पालक मदोन्नाचे देऊळ आहे, आणि त्याच परिसरात गिझालो नावानेच बीच लाकडाच्या रिमा बनवणारी कार्यशाळा आहे. या रिमेला रबरी ब्रेक चालत नाही, बुचाचा लागतो. कोकणात पावसाळ्यात दारे फुगून बसतात हे ज्याने पाहिले आहे तो अशी सायकल जूनमध्ये बाहेर काढणार नाही.

पोलादी रिमेला मात्र कोणी वाली नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्वस्त सायकलींना क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमा असत. प्यूजोच्याच खालच्या श्रेणीच्या सायकलींना रिजिडा कंपनीच्या अशा रिमा लागत. त्यांच्या बाजूंवर बारीक ठसे उठवलेले, हेतू असा की पावसात ब्रेकने काहीतरी धरावे. पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक दाबणे म्हणजे सरकारी खात्याला स्मरणपत्र पाठवणे. दाबल्याची नोंद होते, परिणाम पुढच्या चौकात दिसतो. चामडे लावलेले ब्रेकचे रबर आणले तर थोडा फरक पडतो.

तरीही अशा सायकलची काळशुद्ध रिम हीच, पोलादी, जड, ठशांची. आणि इथेच शास्त्राची खरी परीक्षा होते, कारण पोलादी रिम शोधत हिंडणारा जीर्णोद्धारक दिसत नाही. स्वस्त सायकल हाती आली की तिचा मालक जुने कॅटलॉग चाळतो, त्यात 'जादा पैसे भरल्यास हलकी रिम मिळेल' अशी ओळ सापडली की त्याचा जीव भांड्यात पडतो. काळशुद्धीचा आग्रह नेहमी वरच्या दिशेनेच जातो. वंशावळ काढायला बसलेल्याच्या घराण्यात सरदार निघतो, हुजऱ्या निघत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पीएक्स-१० मुळात रेसिंगची, म्हणून तिच्या रिमा ॲल्युमिनियमच्या आणि ट्यूब्युलर. ट्यूब्युलर म्हणजे ट्यूब आणि टायर एकत्र शिवलेला, सापासारखा गोल पट्टा, जो रिमेवर डिंकाने चिकटवतात. त्याच्या रिमेला टायरची कड धरणारी भिंत नसते, वरून उथळ पन्हळ असते. म्हणून ती हलकी. किती हलकी हे काही कंपन्या नावातच सांगत. माविकची पुढे आलेली जीएल ३३० ही ३३० ग्रॅमची आणि जीईएल २८० ही २८० ग्रॅमची. आपले वजन नावाला जोडून चारचौघांत मिरवणारे सृष्टीत बहुधा हे एवढेच.

जुन्या ट्यूब्युलर रिमेचा खरा इतिहास तिच्या लेबलावर नसतो, डिंकात असतो. कोणाच्या तरी तळघरात पस्तीस वर्षे पडलेली रिम घरी आली की पन्हळीत काकवीच्या रंगाचा थर दिसतो. वरचा थर ठिसूळ, नखाने उडतो. त्याखालचा चिवट, त्यात टायरच्या तळपट्टीचे सुती धागे अडकलेले. आणखी खाली तिसरा, जवळजवळ काळा, त्याला सुरी लावावी लागते. एकेक थर म्हणजे कोणीतरी कधीतरी बदललेला टायर. तारांच्या भोकांभोवती जी बारीक पितळी किंवा पोलादी टोपणे असतात तिथे हा डिंक कणीसारखा बसतो आणि टाचणीने काढावा लागतो. छत्तीस भोके, छत्तीस टोपणे, एका रिमेला एक रविवार. या कामाला अध्यात्म म्हणणारे लोक आहेत. शेजारी त्याला वास म्हणतात.

ट्यूब्युलर पंक्चर झाला तर शिवण उसवून, ट्यूब काढून, ठिगळ लावून पुन्हा शिवावा लागतो. म्हणून काळशुद्धी पाळूनही सायकल चालवण्याची ज्याला हौस आहे तो हळूच साध्या, टायर-ट्यूबच्या रिमेकडे वळतो. त्याच्या सुदैवाने १९७५ मध्ये माविकची मॉड्यूल ई ही रिम आणि मिशेलँचा एलाँ हा बारीक टायर एकत्र आले. या रिमेच्या काठाला आतून आकडी होती, टायरची कड तिच्यात अडकून बसे आणि जास्त हवा सोसे. त्याआधीच्या सरळ काठाच्या रिमांवर आजचा घडीचा टायर चढवून दाबून हवा मारली तर तो रिम सोडून बाहेर उडी घेतो, आणि तेव्हाचा आवाज दिवाळीतल्या सुतळी बॉम्बच्या तोडीचा असतो. ऐंशीच्या दशकात माविकची एमए-२ आली. साधी, चांदीच्या रंगाची, चौकोनी पोटाची. ज्यांना फार वाद नको असतात ते ऐंशीच्या दशकातल्या सायकलला हीच घेतात. वाद तरीही होतात.

वादाचे मूळ असे की हबचे वय सांगता येते आणि रिमेचे येत नाही. कांपान्योलोच्या जुन्या रेकॉर्ड हबच्या लॉकनटवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. स्टर्मी-आर्चरच्या हबवर तर साल आणि महिनाही. रिमेवर बहुधा एक लेबल असते, कागदाचे किंवा चांदीच्या वर्खासारखे, आणि ते ब्रेकच्या बाजूला लागूनच चिकटवलेले. म्हणजे रिम वापरली की लेबल जाते. लेबल शाबूत असेल तर रिम वापरलेली नाही, आणि गेले असेल तर ती कोणती हे सांगणारा पुरावा नाही. ही अडचण ओळखून आता हुबेहूब जुन्या लेबलांच्या नव्या प्रती विकायला असतात. त्यामुळे अनोळखी रिमेला दहा मिनिटांत कुलशील प्राप्त होते.

मग कॅटलॉगचा आधार घ्यावा तर कॅटलॉगच्या तळाशी, पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला. हा हक्क कंपन्यांनी मनसोक्त बजावला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची अशी लाट आली की १९७३ या एका वर्षात सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. मागणी एवढी की युरोपातल्या कारखान्यांत त्या आठवड्यात जी रिम हाताशी असेल ती चाकाला लागत होती. माविक संपली की सुपर चॅम्पियन, ती संपली की आणखी कुठली. कारखान्यातला कामगार जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेला. अर्ध्या शतकानंतर कोणी भिंग घेऊन आपल्या कामाची चिकित्सा करणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

शर्यतीतल्या सायकलींची तर बातच सोडा. १९७३ च्या पॅरिस-नीस शर्यतीपासून माविकची मदतगाडी सर्वच संघांच्या रायडरांना चाके देऊ लागली. पंक्चर झाले की गाडीतून जे चाक मिळेल ते लावून पुढे. त्यामुळे पुढे एक रिम आणि मागे भलतीच, अशा अवस्थेत घाम पुसत शिखर गाठणारा रायडर हा त्या काळाचा अगदी शुद्ध नमुना आहे. त्याच्या छायाचित्राशी तंतोतंत जुळणारी सायकल आज कोणी केली तर परीक्षक दोन गुण कापतील.

रंगाच्या बाबतीत मात्र हयगय नको, कारण चूक लांबून दिसते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ॲल्युमिनियमच्या रिमा चांदीच्या रंगाच्या, फार तर इटालियन हौशीपायी सोनेरी. कडक थर दिलेल्या करड्या, काळपट रिमा ऐंशीच्या दशकात पसरल्या, माविकची एमए-४० किंवा जीपी-४ यांसारख्या. १९६५ च्या सायकलला करडी रिम म्हणजे ऐतिहासिक नाटकातल्या मावळ्याच्या मनगटावरचे घड्याळ. बाकी अभिनय कितीही उत्तम असो, प्रेक्षक तेवढेच लक्षात ठेवतो. उंच पोटाच्या रिमांचे नावही काढू नये.

खरेदीत सर्वांत महाग प्रकार 'जुना पण कोरा' माल. म्हणजे दुकानाच्या माळ्यावर चाळीस वर्षे पडून राहिलेली, कधीच चाकाला न लागलेली रिम. कोणी काहीही न करता किंमत वाढत जाण्याचे भाग्य पुण्यातल्या मोकळ्या प्लॉटला असते, नाहीतर हिला. ती विकत घेणाराही बहुधा ती चाकाला लावत नाही, कारण लावली की ती कोरी राहत नाही. म्हणून ती त्याच्या घरी कपाटावर पुढली वीस वर्षे काढते.

वापरलेली रिम स्वस्त पडते, पण नीट पाहून घ्यावी. काचेच्या टेबलावर आडवी ठेवावी. एका बाजूने दाबल्यावर दुसरी उचलली गेली तर तिला पीळ बसला आहे, आणि तो निघेल असे विक्रेता म्हणत असेल तर त्यालाच काढायला सांगावे. तारांच्या भोकांभोवती केसाएवढी चीर दिसली तर ती रिम भिंतीवर टांगायला योग्य. ब्रेकची बाजू घासून आत वळली आहे का ते पट्टी लावून पाहावे. सांध्यावरून बोट फिरवावे, कारण जुन्या रिमांचा सांधा खिळ्यांनी जोडलेला असतो, आणि तिथे पायरी असेल तर प्रत्येक फेऱ्याला ब्रेक 'टक्' असा आवाज करतो. एकच रिम चांगली निघाली तर घेऊ नये, हा सल्ला सर्व देतात आणि कोणी पाळत नाही. नाल सापडली म्हणून घोडा घेण्याचा हा प्रकार एका रिमेने सुरू होतो आणि तिसऱ्या सायकलीवर थांबतो.

ज्याला हे सगळे नको त्याच्यासाठी जुन्या वळणाच्या नव्या रिमा आहेत. सन कंपनीची सीआर-१८ चकचकीत असते आणि सत्तावीस इंचासारख्या विसरल्या गेलेल्या मापांतही निघते. एच प्लस सनची टीबी-१४ तर जुन्या रिमेची आठवण ठेवूनच आखली आहे, तिच्या नावातला चौदा हा तिच्या उंचीचा, मिलिमीटरमध्ये. दोन्हींवर लेबल नवे असते, ते केस वाळवायच्या यंत्राने गरम केले की निघते. कर्मठांना हा मार्ग मान्य नाही. गंमत म्हणजे ज्यांनी जुन्या सायकलींची सर्वांत नावाजलेली यात्रा सुरू केली, त्यांना तो मान्य आहे. इटलीतल्या तोस्कानात गायोले गावी १९९७ मध्ये ९२ जणांनी सुरू केलेली लेरोइका ही सहल आता हजारो लोकांना बोलावते. तिथे सायकल १९८७ किंवा त्याआधीची लागते, गिअरचे दांडे फ्रेमच्या तिरक्या नळीवर लागतात, ब्रेकच्या केबली उघड्या लागतात. रिमेबद्दल मागणी माफक: किमान बत्तीस तारा आणि उंची वीस मिलिमीटरपर्यंत. ट्यूब्युलर असो की साधा टायर, चालतो. तिथल्या कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर दिवसभर धूळ खाल्ल्यावर लेबल वाचायला कोणाच्या डोळ्यांत ताकद उरत नसावी.

रिम ठरली की तारांची लांबी मोजायची. एकाच व्यासाच्या दोन रिमांच्या पोटाची उंची वेगळी असते, म्हणून जुन्या तारा नव्या रिमेला क्वचितच येतात. दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. पाच चालत नाहीत, तार निपलमधून बाहेर डोकावते आणि ट्यूबला भोक पाडते, किंवा निपलपर्यंत पोचतच नाही. हा हिशेब आधी करावा. बहुतेक जण तो छत्तीस तारा विकत घेतल्यावर करतात.

मग चाक गुंफून त्याचा आउट काढायचा. यासाठी परदेशी साधने फार आहेत, पण महाराष्ट्रात कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे हे काम अजून नीट होते. तो सायकल उलटी करतो, चाकाला टिचकी मारतो आणि खडूचा तुकडा रिमेजवळ धरतो. जिथे रिम बाहेर येते तिथे खडू लागतो. त्या खुणेपाशी तो छोटी चावी लावतो, एका बाजूचे निपल पाव फेरा कसतो, समोरचे तेवढेच सैल करतो, पुन्हा टिचकी. खुणा आखूड होत जातात. शेवटी खडू कुठेच लागत नाही, किंवा सगळीकडे सारखाच लागतो. तेवढ्यात तो विचारतो की ही रिम कुठून आणली, एवढी जुनी कशाला घातली, नवी स्वस्तात मिळाली असती. या प्रश्नाला उत्तर देण्याची प्रथा नाही.

नव्याने गुंफलेल्या चाकाच्या तारा पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत थोड्या सैल पडतात, म्हणून तेवढे अंतर झाल्यावर आउट एकदा पुन्हा काढून घ्यावा. त्यासाठी सायकल घराबाहेर काढून चालवावी लागते.